अप्पांचा सोमवारचा प्रश्न

गुरुलिंगअप्पांच्या घरी चहाला गेलात तर चहा आधी जॅकेटला मिळतो, मग तुम्हाला. उकळता कप टेबलावर येतो. अप्पा त्याच्यावर कुणाच्या तरी सायकलच्या जॅकेटची बाही पसरतात, बाहीच्या वर स्टीलची थंड ताटली धरतात आणि डोळे मिटून मनातल्या मनात शंभर मोजतात. मग ताटली उलटी करून तुमच्या नाकासमोर आणतात. तिच्यावर दव धरलं असेल तर म्हणतात, "दम घेतंय बघा." धरलं नसेल तर तोंड पाडून म्हणतात, "घुसमटलंय बिचारं." तोवर चहावर जाड साय आलेली असते. ती बाजूला सारून मी गेली चार वर्षं त्यांच्याकडे चहा पीत आलो.

हे जॅकेट म्हणजे साधा रेनकोट नव्हे, हे अप्पा तुम्हाला कुठल्याही परिस्थितीत सांगणारच. रेनकोटात पाऊस लागत नाही, पण माणूस आतून घामानं भिजतो. हे कापड बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि आतली वाफ मात्र बाहेर सोडतं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे यात मला नवल वाटायचं कारण नाही. पण अप्पा ते अशा काही थाटात सांगायचे की मलाच पहिल्यांदा कळल्यासारखं व्हायचं. "तुमच्या पुस्तकात हाय का ह्ये?" असं वर विचारायचे. मी हो म्हटलं की हिरमुसायचे, म्हणून पुढे पुढे मी नाही म्हणायला लागलो.

आमच्या लातुरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. अशा गावात पाण्यापासून वाचवणाऱ्या कापडाची एवढी सेवा करणारा माणूस म्हणजे थट्टेचा विषय होता. "आधी भिजण्यापुरतं पाणी आणा म्हणावं," असं माझी बायको म्हणायची. पण जॅकेटं होती, हे खरं. पन्नाशी ओलांडलेल्या आणि साखर वाढलेल्या आम्हा बारा-तेरा जणांचा सायकल ग्रुप आहे. दर रविवारी चाकूरपर्यंत जायचं, तिथं भजी खायची आणि घटवलेली साखर घेऊन परत यायचं, असा आमचा व्यायाम. वर्षातून एकदा नांदेडला, विष्णुपुरीच्या धरणापर्यंत. या वयात माणूस सायकल शिकायच्या आधी सायकलचं सामान घेतो. हेल्मेट झालं, चष्मे झाले, तशी प्रत्येकानं जॅकेटंही घेतली. ती मळली की अप्पांकडे जायची.

अप्पा स्वतः सायकल चालवत नाहीत. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी, आणि खांद्यावर टॉवेलाऐवजी कुणाचं तरी झगझगीत पिवळं जॅकेट, अशा अवतारात ते गल्लीतून निघाले की पोरं कडेला व्हायची. बोअरच्या पाण्यात क्षार फार, धुतलं की कापडावर पांढरे डाग उठतात. म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या एसीतून ठिबकणारं पाणी ते बादल्या लावून गोळा करायचे. इन्व्हर्टरवाला बॅटऱ्यांत घालायला तेच पाणी न्यायला यायचा. त्या बादल्यांवरून दोघांची रोज सकाळी जुंपायची.

धुणं झालं की परीक्षा. त्यासाठी अप्पांनी शेतात फवारायचा पाठीवरचा पंप आणला होता. अगदी कोरा, औषधाचा थेंब न लागलेला. जॅकेटच्या मालकानं ते घालून, चेन हनुवटीपर्यंत ओढून गच्चीवर उभं राहायचं, आणि अप्पा पंप पाठीला लावून त्याच्याभोवती फेऱ्या घालत फवारा मारायचे. थेंब मण्यांसारखे घरंगळले तर पास. कापडानं पाणी प्यायलं तर नापास, पुन्हा धुणं. आमच्यातले एक डॉक्टर ऐन मे महिन्यात असे वीस मिनिटं उभे होते. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाया काम सोडून बघत राहिल्या. डॉक्टर त्यानंतर आठवडाभर त्या गल्लीनं गेले नाहीत.

त्यांचे कायदे कडक होते. पिळायचं नाही. साधी पावडर वापरायची नाही. चेन लावूनच धुवायचं, दोनदा नाही तर तीनदा खंगाळायचं, वाळल्यावर वर पातळ कापड टाकून कोमट इस्त्री फिरवायची. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषध. ते या कापडाची भोकं बुजवतं, मग ना ते दम घेतं ना पाणी अडवतं. आमच्या एका कॉन्ट्रॅक्टर मित्राच्या मोरीत अप्पांना त्याची बाटली दिसली. अप्पांनी ती उचलली, बाहेर नेऊन नालीत रिकामी केली, रिकामी बाटली वहिनींच्या हातात परत दिली आणि चहाही न घेता घरी गेले.

हे खूळ त्यांना लागलं कसं, ते सांगायला हवं. आतापर्यंत हसण्यावारी नेलं, पण ही गोष्ट तशी हसण्यासारखी नाही.

बसू, म्हणजे बसवराज, हा अप्पांचा एकुलता एक मुलगा. कॉलेजात माझा विद्यार्थी. अप्पांच्या घराण्याचं कापडाचं दुकान तीन पिढ्यांचं. चौथी पिढी बसू, हे अप्पांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. बसूला तेवढं विचारायचं राहून गेलं. तो इंजिनियर झाला आणि नेदरलँड्सला निघाला. निघताना बापलेकांत शब्दाला शब्द वाढला. अप्पा म्हणाले, "जायलास तर माझ्यासाठी गेलास." तो गेला. नंतर अप्पांनी दुकान बंद केलं, पण तो शब्द काही त्यांनी परत घेतला नाही. आणि बसूही बापाचाच लेक.

अव्वा, म्हणजे अप्पांच्या पत्नी, होत्या तोवर बसूचा फोन त्यांना यायचा. अप्पा पलीकडच्या खुर्चीत पेपर धरून बसायचे. फोन अर्धा तास चालला तरी पेपराचं पान उलटायचं नाही. मग अव्वा गेल्या. बसू आठ दिवसांसाठी आला. त्या आठ दिवसांत बापलेक बोलले ते पाहुण्यांच्या जेवणाबद्दल आणि त्यांना स्टँडवर कोण सोडणार याबद्दल. तो परत गेला आणि त्यानंतर फोन यायचा तो दिवाळीला आणि बसव जयंतीला. तोही कसा, तर "सण झाला का?" "झाला." "पाऊस पडला का?" "न्हाई." एवढं झालं की दोघंही दुसऱ्यानं फोन ठेवायची वाट बघायचे.

जाताना बसूचं हिरवं जॅकेट दाराआडच्या खुंटीवर राहिलं. तिकडे पाऊस रोजचा, त्यातून तो सायकलनं ऑफिसला जातो, म्हणून ते नेहमी त्याच्या अंगावर असायचं. महिनाभर ते तसंच लटकत होतं. मग एका सोमवारी पूजा आटोपून अप्पा ते टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आले.

"सर, उभा जन्म कापडात गेला माझा, पन ह्ये कापड मला वळखू येईना," ते म्हणाले. "बसूला इचारा, धुवायचं कसं."

मी त्यांच्या फोनवरून त्यांच्या नावानं लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बसू मराठी लिहितो ती इंग्रजी अक्षरांत, आणि अप्पांना ती अक्षरं लागत नाहीत, त्यामुळे वाचायचं कामही माझ्याकडे. चौदा ओळी होत्या. चेन लावा, खिसे रिकामे करा, पाणी फार गरम नको, असं सगळं सविस्तर. अप्पांनी ते तीनदा वाचून घेतलं. मग फोन हातात घेऊन न कळणाऱ्या त्या ओळींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "लई लिवलंय की."

पुढच्या सोमवारी ते पुन्हा आले. नवा प्रश्न होता. मग त्याच्या पुढच्या सोमवारीही.

एका जॅकेटात किती प्रश्न असणार? दोन-अडीच महिन्यांत हिरवं जॅकेट संपलं. तेव्हा अप्पांनी आमची जॅकेटं गोळा करायला सुरुवात केली. कुणाच्या शिवणीवरची पट्टी उचकटलेली, कुणाच्या खांद्यावर बॅगेच्या पट्ट्यानं कापड झिजलेलं, कुणाची चेन अडकणारी. अप्पांना जॅकेटातला दोष सापडला की लॉटरी लागल्याचा आनंद व्हायचा. सगळ्यात लांब उत्तर आलं ते खोबरेल तेलाच्या प्रश्नाला. आमच्या ग्रुपमधली जुनी माणसं डोक्याला तेल चोपडूनच घराबाहेर पडतात, त्यामुळे जॅकेटांच्या कॉलरी काळ्या तुकतुकीत झालेल्या. तिकडे कुणी असं तेल लावत नाही, तेव्हा कंपनीच्या कागदात याचं उत्तर नव्हतं. बसूनं म्हणे स्वतःच्या जॅकेटच्या कोपऱ्याला तेल लावून दोन दिवस प्रयोग केला आणि मग दीड पान लिहिलं. अप्पा ते ऐकताना मांडीवर थाप मारत होते. "त्येल लावलं त्यानं, माझ्या प्रश्नासाठी," हे त्यांनी त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितलं.

एकदा मी विचारलं, की अप्पा, सरळ फोन का नाही करत? ते बराच वेळ बंडीची गुंडी लावत काढत राहिले. मग म्हणाले, "फोनवर काय बोलावं सुचत न्हाई सर. जॅकेटचं इचारायचं म्हनलं की सुचतंय."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम कबूल करतो, कारण माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

या वर्षी मार्चमध्ये परीक्षेचे पेपर तपासायला आले होते. गठ्ठ्यावर गठ्ठे. त्यात कॉलेजातली एक कटकट चालू होती, रक्तदाब वाढला होता. आणि दर सोमवारी सकाळी अप्पा दारात हजर. प्रश्न सांगायचा, मी लिहायचा, तो त्यांना वाचून दाखवायचा, "धुवायचं" की "धुयाचं" यावर चर्चा करायची, मग दुसऱ्या दिवशी उत्तर वाचायचं, तेही तीनदा. एका सोमवारी मी वैतागलो. त्यांच्यासमोर हसत होतो, पण ते गेल्यावर माझ्या स्वतःच्या फोनवरून बसूला लिहिलं. अप्पांचे प्रश्न काही संपत नाहीत, तूही कामात असतोस, एकदाच काय ते सगळं लिहून पाठव, मी त्यांना समजावून सांगेन.

बसू गुणी मुलगा. "सॉरी सर, हे मीच आधी करायला हवं होतं," असं त्याचं उत्तर आलं आणि चार दिवसांनी सात पानं आली. धुण्यापासून घडी घालण्यापर्यंत सगळं. मला इतकं बरं वाटलं की मी रात्रभर बसून ते शुद्ध मराठीत उतरवलं, मोठ्या टायपात छापून घेतलं आणि प्रत्येक पान प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतलं. मोरीत ठेवलं तरी भिजायला नको. वर "जॅकेट निगा पुस्तिका" असं नावही घातलं. मास्तराची जात, दुसरं काय.

सोमवारी मी स्वतः ती घेऊन गेलो. अप्पांनी चष्मा लावला. एकेक पान बोट फिरवत वाचलं. मधे एकदा थांबून विचारलं, "त्येलाचं बी हाय का?" मी म्हटलं, पाचव्या पानावर. त्यांनी पाचवं पान काढून पाहिलं, होतं. शेवटच्या पानापर्यंत गेले, पुस्तिका मिटली आणि टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवली.

"म्हंजे झालं की मग सगळं," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, आता कुणाला विचारायची गरजच नाही. हे मी म्हटलं. त्यांनी चहा आणला, आणि त्या दिवशी त्यावर बाही न पसरता कप सरळ माझ्या हातात दिला. गरम चहा मिळाला म्हणून मी खुश झालो.

पुढचा सोमवार मोकळा गेला. त्याच्या पुढचाही. मी पेपरांचे गठ्ठे संपवले. मग कळलं की अप्पांनी सगळ्यांची जॅकेटं न धुता परत दिली. डॉक्टरांनी कारण विचारलं तर म्हणाले, आता तुमचं तुम्ही धुवा, सरांनी पुस्तक काढलंय. इन्व्हर्टरवाला एसीच्या पाण्याच्या दोन्ही बादल्या निवांत नेऊ लागला. अप्पा सकाळी ओट्यावर बसायचे, कुणी नमस्कार केला तर हात वर करायचे, बस. मी बायकोला म्हटलं, अप्पा थकलेत, वय झालं आता.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो चेहरा विसरणार नाही. "थकले नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही त्यांचा पोरगा बंद केलात."

मी चप्पल अडकवली आणि निघालो. दुपारचे चार वाजले असतील. दार उघडंच होतं, अप्पा खाली नव्हते. जिना चढताना गुलाबाचा वास यायला लागला, इतका की डोकं भणाणलं. गच्चीवर अप्पा बादलीपुढे पाटावर बसले होते. बाह्या वर केलेल्या. बादलीत बसूचं हिरवं जॅकेट बुडालेलं होतं आणि शेजारी ते सुगंधी औषध, अख्खी बाटली, रिकामी. पाणी दुधासारखं झालं होतं. अप्पा दोन्ही हातांनी जॅकेट त्यात दाबत होते.

वाटलं, यांना भ्रम झाला. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि म्हटलं, अप्पा, हे काय करताय, हे ते औषध आहे.

"ठावं हाय मला," ते शांतपणे म्हणाले. "बसा."

मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो.

"तुमचं पुस्तक चार डाव वाचलं सर. त्यात लिवलंय, ह्ये टाकू नका. टाकल्यावर काय करावं, ते न्हाई लिवलं." त्यांनी जॅकेट पाण्यातून जरासं वर उचललं आणि पुन्हा आत सोडलं. "आता इचारता येतंय की न्हाई?"

त्या हिरव्या जॅकेटला त्यांनी चार वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. घरात बसूचं म्हणावं असं तेवढंच एक उरलं होतं, आणि एका प्रश्नासाठी त्यांनी ते बुडवलं होतं. मी त्यांना सांगून टाकलं, की बसूला सगळं एकदम पाठवायला मीच सांगितलं होतं. वाटलं, रागावतील. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना ते बहुधा आधीच कळलेलं होतं, ती सात पानं त्यांनी न विचारताच आली होती.

"लिवा," ते म्हणाले, आणि बंडीच्या खिशाकडे हनुवटीनं खूण केली. त्यांचे हात ओले होते, म्हणून मीच फोन काढला. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं. बसू, तुझ्या हिरव्या जॅकेटात मऊ करायचं औषध टाकलं गेलं. पूर्ण बाटली. आता काय करावं?

बसूचं उत्तर एरवी दुसऱ्या दिवशी यायचं. आम्ही दोघंही उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात फोन वाजला. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी वाचलं आणि थांबलो.

"वाचा की," अप्पा म्हणाले. "काय म्हनतोय? किती डाव खंगाळायचं?"

जॅकेटबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी वाचून दाखवलं. "अप्पा, तुम्ही टाकलं? तुम्ही तर चुकूनसुद्धा टाकणार नाही. तब्येत बरी आहे ना तुमची?"

अप्पांनी हात बंडीला पुसले. पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "शेवटचं तेवढं." मी शेवटचं तेवढं वाचलं. ते कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. चार वर्षं दर सोमवारी हा माणूस प्रश्न शोधून आणत होता, आणि आता उलट एक प्रश्न त्याच्याकडे आला होता.

"काय लिवावं सर?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

मी म्हटलं, तुम्हाला वाटतं ते.

"बरी हाय म्हनून लिवा."

मी लिहिलं. पाठवायला अंगठा नेला तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला अजून गुलाबाचा वास होता.

"खोडा ते," अप्पा म्हणाले. "बरी न्हाई म्हनून लिवा."

मी खोडलं, आणि त्यांनी सांगितलं तसं लिहून पाठवलं.